भुतं परवडली!

नारायण धारपांची पुस्तकं वाचत मी मोठी झाले, असं सांगितलं की नवी ओळख झालेली माणसं माझ्याकडे जरा बिचकून बघतात. कॉलेजात इतिहास शिकवणारी, भाजी चिरताना बोटाला जरासं लागलं तर डोळे मिटून नवऱ्याला हाका मारणारी ही बाई भुताखेतांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपते, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण खरं आहे. धारपांचा समर्थ माझ्या लहानपणी आमच्या घरातलाच एक माणूस होता. 'लुचाई' मी तीनदा वाचली आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्यावर दिवा मालवायला उठायचं कुणी, यावरून आम्हा बहिणींची भांडणं होत. धारपांच्या कथेवरून सुचलेला 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थिएटरात जाऊन पाहिला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा लेकीला घेऊन गेले.

आणि रक्त? रक्त मला बघवत नाही. पॅथॉलॉजीवाल्यानं सुई काढली की मी भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे तोंड करते. सिनेमात ऑपरेशन सुरू झालं की ओढणी डोळ्यांवर येते. मग गोष्टीतलं मुंडकं घरंगळत जिन्यावरून खाली येतं, ते कसं चालतं? असं नवरा नेहमी विचारतो. चालतं, कारण ते मुंडकं कुणाचंच नसतं. त्याला आई नसते, बायको नसते, रेशनकार्डावर नाव नसतं.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पुस्तकं पुण्याहून येत. लष्कर भागात 'चिटणीस की गोठ' वगैरे नावांच्या गल्ल्या आहेत. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेल्या सरदार-मानकऱ्यांचे तळ जिथं पडले, त्या या गोठी. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत, मराठी आडनावांच्या पाट्या थोड्या उरल्यात. मे महिन्यात पुण्याची आत्या आली की तिच्या ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी धारपांची चार पुस्तकं असायचीच. ती संपली की मग मराठीची उपासमार. एकदा स्टेशनवर मी वडिलांकडे हट्ट केला, स्टॉलवर 'सत्यकथा' दिसते आहे, ती घ्या. मराठी माणसाला 'सत्यकथा' म्हटलं की मौजेचं मासिक आठवणार. ते १९८२ सालीच बंद पडलेलं, पण आमच्या कपाटात त्याचे जुने अंक होते. स्टॉलवरची 'सत्यकथा' मात्र हिंदी. 'मनोहर कहानियाँ'च्या शेजारी ठेवलेली, मुखपृष्ठावर सुरा आणि विस्कटलेल्या केसांची बाई. वडिलांनी ती उलटी करून ठेवली आणि मला पेरू घेऊन दिला. खऱ्या गुन्ह्यांच्या वाचनाशी माझा पहिला संबंध आला तो असा, आणि पुढं कित्येक वर्षं तो तेवढाच राहिला.

खरं तर चंबळच्या कुशीत राहून असल्या गोष्टी टाळणं अवघडच. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत बागींच्या गोष्टी निघतात. फूलनदेवीनं १९८३ साली भिंडला शस्त्रं ठेवली आणि ग्वाल्हेरच्या तुरुंगात कित्येक वर्षं काढली. तिला पाहिल्याचं सांगणारी माणसं इथं अजून भेटतात. पण या गोष्टी सांगून सांगून इतक्या गुळगुळीत झाल्यात की त्यांतली माणसं आता पोवाड्यातल्यासारखी वाटतात. भीती कुठं राहिलीच नाही.

भीती होती ती आत्याच्या पुण्यातल्या आठवणीत. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. त्या प्रकरणाला आपण जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणतो. करणारे कोण, तर कलामहाविद्यालयातली मुलं. राजेंद्र जक्कल आणि त्याचे तीन साथीदार २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फासावर गेले. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. आत्या सांगायची, दिवेलागण झाली की रस्ते ओस पडत, आणि शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी दार उघडण्याआधी तिला तीन प्रश्न विचारले जात. त्यातल्या एका आरोपीनं, मुनव्वर शाहनं, तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. ते पुस्तक आमच्याकडे आलं, मी हातात घेतलं आणि पंधराव्या-सोळाव्या पानावर बाजूला ठेवलं. अजून ते तिथंच अडलं आहे.

मग गेल्या काही वर्षांत घरात लेक मोठी झाली. तिच्या पिढीला हे सगळं पाण्यासारखं. कानात वायर घालून खुनांचे पॉडकास्ट ऐकत ती पोहे खाते. २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली तेव्हा तिनं मला बळंच समोर बसवलं. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७२ ते ७४ चा काळ, आणि तपासाला मुंबईहून गेलेले रमाकांत कुलकर्णी. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं म्हणून पिंपळावरच्या मुंजाला बळी, असं ते प्रकरण. आणि बळी कुणाचे, तर बायकांचे आणि कोवळ्या पोरींचे. मी दुसऱ्या भागात उठून ओट्याशी गेले आणि नको असताना कुकर लावला.

"आई, तुंबाडमध्ये पण गुप्तधनच होतं ना? तेव्हा तर तू पॉपकॉर्न खात होतीस," लेक म्हणाली.

बरोबर बोलली. मुंजा तोच, पिंपळही तोच आणि लोभही तोच. गोष्टीत मुंजा खरा असतो, आणि म्हणूनच मला त्याची मौज वाटते. मानवतला मुंजा कधीच नव्हता. तो नव्हता आणि तरीही मुली गेल्या. यावर समर्थांकडे काही मंत्र नाही.

इथपर्यंत मी माझी समजूत घालून घेतली होती की मला अडचण आहे ती रक्ताची. खऱ्या गुन्ह्याच्या पुस्तकात पंचनामा असतो, जखमांची मापं असतात, ते मला सोसत नाही, एवढंच. ही समजूत मोडली ती एका अशा पुस्तकानं, ज्यात रक्त जवळजवळ नाहीच.

झालं असं की वर्गात स्वातंत्र्यानंतरचा भाग चालू होता. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "मैडम, वो पिस्तौल तो अपने ग्वालियर से ही गई थी न?" वर्गात कुजबुज झाली. हो, गेली होती. इटालियन बनावटीचं बेरेटा, क्रमांक ६०६८२४. इथल्या मराठी घरांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. माझी आजी तर 'त्या वर्षी' एवढंच म्हणायची. त्या वर्षी संक्रांतीनंतर दहा-बारा दिवसांनी, असं काहीतरी सांगता सांगता गप्प व्हायची. मुलाला एका वाक्यात उत्तर देऊन मी पुढं सरकले असते, पण विषयच शिकवते, तेव्हा नीट वाचायला हवं असं ठरवलं. मनोहर माळगावकरांचं 'द मेन हू किल्ड गांधी' काढलं. हे १९७८ चं पुस्तक. माळगावकर बेळगावपासून फार लांब नसलेल्या जगलबेटच्या जंगलात राहणारे, तेव्हा सीमाभागातल्या वाचकांना त्यांची ओळख मी करून द्यायला नको. आणि त्यापाठोपाठ न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा अहवाल.

या अहवालाचा जन्मच विलक्षण आहे. १९६४ साली शिक्षा भोगून आलेल्यांचं स्वागत पुण्यात झालं. त्या समारंभात एका ज्येष्ठ संपादकांनी सांगून टाकलं की आपल्याला या बेताची आधीच कुणकुण होती. गदारोळ झाला, १९६६ मध्ये आयोग नेमला गेला, शंभरावर साक्षीदार तपासले गेले आणि १९६९ मध्ये अहवाल आला. प्रश्न एवढाच होता: कुणाकुणाला आधी माहीत होतं, आणि त्यांनी काय केलं?

भुताच्या गोष्टी वाचणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. प्रत्येक गोष्टीत एक माणूस असतो ज्याला आधी कळतं. तो सांगत सुटतो, गावकरी हसतात, पाटील दुर्लक्ष करतो, डॉक्टर झोपेची गोळी देतो. वाचक मात्र त्याच्या बाजूचा असतो. आणि वाचकाला ठाऊक असतं की शेवटची तीस पानं उरली की कुणीतरी येईल आणि त्याचं ऐकेल.

कपूर आयोगाच्या अहवालातला तो माणूस कॉलेजातला प्राध्यापक निघाला.

प्रा. जगदीशचंद्र जैन. मुंबईच्या रुईया कॉलेजात शिकवत, प्राकृताचे अभ्यासक. फाळणीत पंजाबातून उद्ध्वस्त होऊन आलेल्या मदनलाल पाहवा नावाच्या तरुणाला त्यांनी आधार म्हणून आपली पुस्तकं कमिशनवर विकायला दिली होती. जानेवारी १९४८ च्या दुसऱ्या आठवड्यात हा पोरगा त्यांच्याकडे आला आणि नगरकडच्या आपल्या मित्रांबद्दल, हत्यारांबद्दल बढाया मारता मारता गांधीजींच्या जिवावर उठल्याचं बोलून गेला. जैनांनी त्याला मुलासारखं समजावलं. निर्वासितांची पोरं तेव्हा संतापाच्या भरात काय वाटेल ते बोलत, त्यातलंच एक असं त्यांना वाटलं. तरी मनाला लागलंच होतं. जयप्रकाश नारायण मुंबईत आले असता त्यांच्या कानावर घालायचा त्यांनी प्रयत्न केला, पण गर्दीत नीट बोलणं झालं नाही.

२० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला. पकडलेल्याचं नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलं: मदनलाल. जैन धावतच सुटले. त्याच दिवशी, म्हणजे २१ तारखेला, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सचिवालयात भेटून त्यांनी ऐकलेलं सगळं सांगितलं. मोरारजींनी संध्याकाळी पोलीस अधिकारी नगरवाला यांना सांगितलं. म्हणजे गावकरी हसले नाहीत बरं का. पाटलानं ऐकून घेतलं. गोष्टीच्या नियमानं आता संकट टळायला हवं.

पुढचे नऊ दिवस मी रात्री दोनपर्यंत वाचत होते आणि हॉलमधला दिवा चालू ठेवला होता. दिल्लीत मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. वर्तमानपत्रांची आणि त्यांच्या संपादक-मालकांची यादी सरकारदरबारीच होती. ती कुणी उघडायची, हा प्रश्न. दिल्लीहून दोन पोलीस मुंबईला गेले आणि परत आले. मुंबईचा तपास गांधीजींना पळवून नेण्याच्या कटाच्या दिशेनं भरकटला. पुण्याच्या गुन्हे शाखेचे एक वरिष्ठ अधिकारी नेमके दिल्लीत होते. मदनलालचा जबाब घेऊन ते महाराष्ट्राकडे निघाले, ते रेल्वेनं आणि तेही अलाहाबादच्या वाटेनं. आणि २७ जानेवारीला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे खोट्या नावांनी मुंबईहून दिल्लीला गेले, विमानानं.

इथं मी पुस्तक मिटलं. कागद आगगाडीनं चाललेत आणि मारेकरी विमानानं. धारपांनी असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, हे ओढूनताणून आणलंय.

आणि त्यानंतरचं पान आमच्या गावाचं. त्याच रात्री दोघं दिल्लीहून आगगाडीनं ग्वाल्हेरला उतरले. टांगा केला. लष्करात डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी आले. २८ ला दिवसभर इथं होते, आणि रात्रीच्या गाडीनं परत गेले ते ते बेरेटा घेऊन. खटल्यात टांगेवाल्यांच्या साक्षी झाल्या. डॉक्टरांचा कबुलीजबाब पुढं आला, तो त्यांनी नंतर नाकारला. पाहुणे दिल्लीतल्या निदर्शनांसाठी स्वयंसेवक मागायला आले होते, हे त्यांचं म्हणणं. विशेष न्यायालयानं १० फेब्रुवारी १९४९ ला त्यांना जन्मठेप दिली. त्याच वर्षी जून महिन्यात उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. ग्वाल्हेरचेच आणखी तिघे आरोपपत्रात फरारी म्हणून होते. कुणाचा दोष किती, हा निवाडा न्यायालयांनी केलेला आहे, मी त्यात पडत नाही.

मी अडले ती त्या टांग्यापाशी. स्टेशनवरून लष्करात यायचा रस्ता मी लहानपणापासून जाते. जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी मला माहीत आहे. रात्री उशिरा पुण्याकडचा पाहुणा दारात उभा राहिला की आमच्या घरांत काय होतं तेही माहीत आहे. कोण, कशाला, असं कुणी विचारत नाही. आधी अंथरूण घालतात, सकाळी चहा करतात, आपलं मराठी बोलणारा माणूस एवढ्या लांब आला याचंच अप्रूप असतं. विलायती गोष्टींत पिशाच्चाला उंबरठ्यावर थांबावं लागतं, आतून 'या' म्हटल्याशिवाय त्याला घरात येता येत नाही. आमच्याकडे 'या' आधीच म्हटलेलं असतं.

३० जानेवारीला तीन गोळ्या सुटल्या. एवढंच रक्त आहे त्या सगळ्या वाचनात, आणि मला त्याची किळस आली नाही. मला झोप लागली नाही ती २१ ते २९ या तारखांमुळं.

त्यानंतरचंही एक पान सांगते. उच्च न्यायालयाचं काम सिमल्याला चाललं. त्या पीठावरचे न्यायमूर्ती गोपालदास खोसला यांनी १९६३ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की गोडसेचं भाषण ऐकून प्रेक्षकांतल्या बायका रडत होत्या, आणि निकाल त्या श्रोत्यांवर सोपवला असता तर तो निर्दोष सुटला असता. आमच्या गावात तर २०१७ साली त्याचा पुतळा बसवला गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नावाची 'ज्ञानशाळा' निघाली, ती दोन-तीन दिवसांत बंद करावी लागली. धारपांच्या वाचकांना असल्या उपासकांचं पुढं काय होतं ते ठाऊक आहे. पण ती गोष्ट झाली.

प्रा. जैनांनी १९४९ मध्येच पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ, मी बापूंना वाचवू शकलो नाही. खटल्यात ते सरकारी साक्षीदार होते. एका शिक्षकाला, आपलीच पुस्तकं विकणाऱ्या पोराविरुद्ध पिंजऱ्यासमोर उभं राहून सांगावं लागलं असेल, तेव्हा ते पोरगं त्यांच्याकडे बघत असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. 'आधी का नाही धावलात?' असं त्यांना विचारणारे पुष्कळ भेटले असतील. मला विचारावंसं वाटत नाही. वीस वर्षं वर्गात उभी राहते आहे. 'देख लेंगे', 'उड़ा देंगे' हे आमच्या भागातल्या पोरांच्या तोंडी 'राम राम' सारखं असतं. त्यातलं कुठलं खरं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा, अभ्यासात बरा, वर्गाबाहेर मित्रांना सांगत होता की अमक्याला होळीच्या आत संपवणार. आमच्या चंबळ भागात भिंतीला परवान्याची बंदूक टांगलेली असणं ही नवलाची गोष्ट नाही. लग्नाच्या वरातीत ती हवेत चालतेच. याच्याही घरी होती, हे त्यानंच कधीतरी निबंधात लिहिलं होतं. एरवी मी पुढं गेले असते. पण टेबलावर त्या दिवसांत कपूर आयोग पडलेला होता. मी त्याला बोलावून चहा पाजला. भांडण शेताच्या बांधावरून होतं, दुसरा मुलगा चुलत नात्यातलाच. मी त्याच्या वडिलांना फोन केला. "अरे मैडम, लड़का है, बोलता रहता है," ते हसले. मग त्याच्या मामांना केला. मग दुसऱ्या मुलाच्या घरी. मग आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला, ते त्याच गावचे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही फार पुस्तकं वाचता." पण दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकल काढून गावात जाऊन आले. वडिलांशी काय बोलणं झालं ते मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

होळी झाली. काही घडलं नाही. मुळात काही घडणार होतं की नव्हतं, हे कळायला मार्ग नाही, आणि या कामातली गोम हीच आहे. मुलगा पास झाला, आता एका विमा कंपनीत लागलाय. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि पॉलिसी गळ्यात घालायला बघतो. त्याच्या लेखी मी चहा पाजणारी, जरा जास्त चौकशा करणारी मैडम आहे. त्या दिवशी मी चार फोन केले होते, ते त्याला आजही माहीत नाही.